लेऑफनंतरचे साठ दिवस, आय-१४० आणि सतरा वर्षांची मुलगी

नमस्कार.

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. गेली एकवीस वर्षं मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते. असे फोन मला बहुतेक वेळा रात्री दहानंतर येतात, मुलं झोपली की. म्हणून आधी हे सांगते: तुम्ही "सगळं हातचं गेलं" असं लिहिलंय, त्यातलं बरंचसं अजून तुमच्याच हातात आहे. जे खरोखर निसटतंय त्याला मात्र तारीख आहे, आणि ती तारीख तुम्ही चुकीची मोजताय.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. तुमचं एच-१बी वर, म्हणजे कंपनीनं दिलेल्या कामाच्या व्हिसावर, अकरावं वर्ष चालू आहे. ईबी-२ या ग्रीन कार्डच्या वर्गातला आय-१४० (कंपनीनं तुमच्यासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज) २०१८ साली मंजूर झाला, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, नोव्हेंबर २०१७ ची. मागच्या सोमवारी कंपनीनं काढलं आणि आठ आठवड्यांच्या सेव्हरन्सचं, म्हणजे काढताना दिलेल्या मोबदल्याचं, पत्र दिलं. पत्नी एच-४ वर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत, त्यांच्याकडे वर्क परमिट आहे, एका लॅबमध्ये नोकरी करतात. मुलगी सतरा वर्षांची, पुण्यात जन्मलेली, इथे हायस्कूलच्या अकरावीत. तुमचे प्रश्न चार. नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळणारे साठ दिवस सेव्हरन्स संपल्यावर सुरू होतात ना? कंपनीनं आय-१४० मागे घेतला तर ग्रीन कार्डच्या रांगेतली इतकी वर्षं वाया जातील का? सुरक्षित राहावं म्हणून आत्ताच बी-२ चा, म्हणजे पर्यटक स्टेटसचा, अर्ज टाकू का? आणि मुलीचं काय?

चारही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांच्यामागे एक घोळ आहे आणि तो जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. इथे राहण्याची परवानगी आणि ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहण्याची परवानगी, म्हणजे तुमचं स्टेटस, नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी सुटली की त्याची घटका भरायला लागते. रांगेतली जागा मात्र एकदा आय-१४० मंजूर झाला की तुमच्या नावावर असते. तुम्ही उद्या दुसऱ्या कंपनीत गेलात, परवा पुण्याला परतलात, पाच वर्षांनी पुन्हा आलात, तरी ती तुमच्यामागे येते. माणसं रांगेच्या भीतीनं घाबरून जातात आणि स्टेटसचे दिवस वाया घालवतात. म्हणून मी आधी दिवसांचं बोलते.

साठ दिवसांची सवलत १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमातून आली. त्याआधी नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून माणूस स्टेटसबाहेर, अशी स्थिती होती. नियम म्हणतो: नोकरी संपल्यापासून सलग साठ दिवस, किंवा तुमच्या आय-९४ ची (देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या प्रवेशनोंदीची) मुदत, यातलं जे आधी संपेल ते. आणि नोकरी संपल्याचा दिवस म्हणजे साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार तुम्हाला कर्मचारी म्हणून मिळाला तो दिवस. सेव्हरन्स हा नोकरी संपल्यानंतर दिलेला मोबदला आहे. तो आठ आठवड्यांचा असो की आठ महिन्यांचा, त्यामुळे तुमची नोकरी लांबत नाही. तुमच्या पत्रात शेवटचा दिवस म्हणून मागचा सोमवार लिहिलाय. तुमचे साठ दिवस मंगळवारी सुरू झाले. सेव्हरन्स संपेपर्यंत थांबलात तर साठातले छप्पन्न दिवस गेलेले असतील.

इथे परिस्थितीनुसार फरक पडतो. काही कंपन्या माणसाला काम काढून घेऊनही महिना-दोन महिने पगारपत्रकावर ठेवतात, कर्मचारी म्हणूनच, विम्यासकट. तिथे शेवटचा दिवस पुढे गेला असं म्हणायला जागा असते. तरी मी माझ्या अशिलांना दोन्ही तारखा काढून त्यातली आधीची धरायला लावते, कारण नंतर वाद घालायची वेळ आली तर समोर बसलेला अधिकारी कुठली तारीख मानेल ते आपल्या हातात नसतं. तुमच्या बाबतीत आणखी एक तपासा. न्यू जर्सीत १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीनं ५० किंवा अधिक लोकांना एकत्र काढलं तर ९० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून हा कायदा तसा कडक झालाय. तुमच्याबरोबर किती जण गेले ते तुम्ही लिहिलं नाही. मोठी संख्या असेल तर एचआरला आजच लेखी विचारा की मला नोटिशीच्या काळात कर्मचारी धरलंय का. आणि संख्या लहान असली तरी विचारायला हरकत नाही की एकरकमी सेव्हरन्सऐवजी त्यातले चार आठवडे पगारपत्रकावर ठेवाल का. सेव्हरन्सच्या कागदावर सही केलेली नसेल तर ही मागणी करण्याची वेळ हीच. मी पाहिलंय, नीट शब्दांत विचारलं तर पुष्कळदा होकार येतो. कंपनीला त्यात फारसा खर्च नसतो आणि तुम्हाला महिना मिळतो.

आता आय-९४. हा शब्द वाचून बरेच जण "ते विमानतळावरचं ना" म्हणून पुढे जातात. थांबा. कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या संकेतस्थळावर जाऊन तिघांचाही आय-९४ आजच काढा. तुम्ही शेवटचं भारतात जाऊन कधी आलात? त्या वेळी पासपोर्टची मुदत किती उरली होती? एच-१बी ची मंजुरी ऑगस्ट २०२७ पर्यंत असली तरी पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी अनेकदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच आय-९४ देतो, आणि मंजुरीनंतर तुम्ही बाहेर जाऊन आला असाल तर तोच खरा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जण आला. मंजुरीच्या कागदावर सव्वा वर्ष शिल्लक, म्हणून निर्धास्त. आय-९४ काढला तर मुदत एकोणीस दिवसांची. त्याला साठ दिवस कधी नव्हतेच, एकोणीसच होते, आणि त्यातले अकरा गेले होते.

साठ दिवसांत नवी कंपनी मिळाली तर मार्ग सरळ आहे. एच-१बी साठी दर वर्षी लॉटरी निघते, तिच्यात तुम्ही पूर्वीच मोजले गेलात, पुन्हा लॉटरी नाही. नव्या कंपनीचा अर्ज यूएससीआयएसकडे (इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याकडे) साठाव्या दिवसाच्या आत पोचायला हवा. मंजूर व्हायला हवा असं नाही. तो पोचला की तुम्ही कामाला लागू शकता. पण अर्जाआधी कंपनीला कामगार खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज, मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याला कामाचे सात दिवस लागतात. छोटी किंवा नवी कंपनी असेल तर तिची नोंदणी पडताळण्यात आणखी काही दिवस. मग त्यांचा वकील कागद मागणार, तुम्ही ते शोधणार. म्हणून माझं गणित असं: लेखी ऑफर चाळिसाव्या दिवसापर्यंत हातात हवी. पंचेचाळिसाव्या दिवशी आलेल्या ऑफरसाठीही मी धावले आहे, पण धावपळीत भरलेल्या अर्जात चुका राहतात. मुलाखतीत पहिल्या दुसऱ्या फेरीतच सांगा की माझी तारीख अमुक आहे. संकोच करू नका, या देशात एचआरच्या लोकांना हे माहीत असतं.

एच-१बी ची कमाल सहा वर्षं कधीच संपली, मग नवी कंपनी एच-१बी कसा देणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे विचाराल. एकविसाव्या शतकातील स्पर्धात्मकतेच्या २००० सालच्या कायद्यानं ही सोय केलीय: आय-१४० मंजूर आहे आणि तारीख करंट नाही, म्हणजे रांगेत नंबर लागलेला नाही, तर तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. जुन्या कंपनीचा आय-१४० नव्या कंपनीला यासाठी चालतो.

तो जुन्या कंपनीनं मागे घेतला तर? तुमचा दुसरा प्रश्न. मंजुरीनंतर १८० दिवसांच्या आत मागे घेतला असता तर प्रायॉरिटी डेट राहिली असती, पण त्याच्या जोरावर मुदतवाढ मिळाली नसती. तुमच्या मंजुरीला १८० दिवस होऊन वर्षं लोटली. आता कंपनीनं तो मागे घेतला तरी मंजुरी कायम राहते, मुदतवाढीलाही चालते आणि नोव्हेंबर २०१७ ही तारीखही तुमचीच. ती जाते फक्त तेव्हा, जेव्हा सरकार मूळ मंजुरीच रद्द करतं: खोटी माहिती निघाली, पर्म (आय-१४० च्या आधीची कामगार खात्याची मंजुरी) रद्द झाला, किंवा मंजुरी देण्यातच मोठी चूक झाली होती. तुमच्या कागदांत तसं काही नसेल तर या चिंतेनं झोप घालवू नका. एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्या. तारीख तुमची असली तरी ग्रीन कार्ड शेवटी नोकरीच्या ऑफरवर मिळतं. नवी कंपनी नवा पर्म, नवा आय-१४० करील आणि त्याला ही जुनी तारीख जोडली जाईल. सध्याच्या गतीनं त्या सगळ्याला दोन वर्षं धरा. पर्मचा वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च कायद्यानं कंपनीनंच करायचा असतो. तो तुमच्या पगारातून कापण्याची भाषा कुणी केली तर त्या कंपनीपासून दूर राहा.

आता बी-२. इथे मी तुम्हाला अगदी वेगळं सांगणार आहे, कारण यात २०२५ नंतर धोका वाढलाय आणि मित्रमंडळींचा सल्ला अजून त्याआधीचा आहे.

पूर्वी रीत अशी होती: साठ दिवस संपायला आले की आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा अर्ज भरून पर्यटक व्हिसाचं स्टेटस मागायचं. अर्ज प्रलंबित असेपर्यंत इथे राहता येतं, काम करता येत नाही. तेवढ्यात नोकरी मिळाली की नवी कंपनी एच-१बी चा अर्ज करी. कधी सरकार म्हणे, एच-१बी मंजूर, पण इथल्या इथे स्टेटस देत नाही, बाहेर जाऊन या. मग माणूस मुंबईला जाऊन बीकेसीच्या वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून परत येई. खर्च विमानाच्या तिकिटाचा, त्रास महिनाभराचा.

राष्ट्राध्यक्षांच्या १९ सप्टेंबर २०२५ च्या उद्घोषणेनं हे गणित मोडलं. २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम आली. त्या ऑक्टोबरात यूएससीआयएसनं खुलासा केला की जे देशात आहेत आणि ज्यांना इथल्या इथे मुदतवाढ किंवा स्टेटसबदल मिळतो त्यांच्या अर्जाला ती लागू नाही. पण जो देशाबाहेर आहे आणि ज्याच्याकडे चालू एच-१बी व्हिसा नाही, त्याच्या अर्जाला लागू. आणि ज्यानं इथे राहून मुदतवाढ मागितली पण तो वैध स्टेटसमध्ये नव्हता असं ठरलं, किंवा जो निकालाआधीच देश सोडून गेला, त्याच्याही अर्जाला लागू. उद्घोषणा मुळात बारा महिन्यांसाठी होती, म्हणून तुम्ही अर्ज करायच्या दिवशी ती कोणत्या रूपात आहे ते वकिलाकडून बघून घ्या. पण ती असेतो "बाहेर जाऊन या" या तीन शब्दांची किंमत एक लाख डॉलर आहे, आणि ती भरायला कोणती कंपनी तयार होईल?

म्हणून बी-२ आत्ता टाकू नका. आत्ता सगळा जोर साठ दिवसांत एच-१बी चा अर्ज पोचवण्यावर लावा. पन्नासाव्या दिवसापर्यंत ऑफर नसेल तर बी-२ चा अर्ज तयार ठेवा आणि मुदतीआधी भरा. त्यात खरं कारण लिहा: घर आवरणं, मुलीचं सत्र पूर्ण होणं, परतीची अंदाजे तारीख, तोवरच्या खर्चाची सोय. बँकेची पत्रकं जोडा. आणि तो काळ सुरू झाल्यावर कुठलंही काम करू नका. पुण्यातल्या मित्राच्या कंपनीचं काम इथल्या दिवाणखान्यात लॅपटॉपवर करणं हेसुद्धा काम आहे, पैसे भारतातल्या खात्यात आले तरी. नव्या कंपनीचा अर्ज प्रलंबित असताना भारतात जायचंही टाळा. घरी कुणाची तब्येत बिघडली आणि जावंच लागलं तर तिकीट काढण्याआधी वकिलाला फोन करा, नंतर नको.

बी-२ नाकारला गेला आणि तोवर आय-९४ संपलेला असेल तर त्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस मोजले जातात. १८० दिवसांवर ते गेले आणि मग देश सोडला तर तीन वर्षं, एक वर्षावर गेले तर दहा वर्षं परत येण्यावर बंदी. फेब्रुवारी २०२५ पासून नकारानंतर इमिग्रेशन कोर्टाची नोटीस पाठवण्याचं धोरणही कडक झालंय. तेव्हा नकाराचं पत्र आलं तर "बघू" म्हणून बसू नका, काही दिवसांतच निर्णय घ्या.

पत्नीचं वर्क परमिट तुमच्या एच-१बी वर उभं आहे. तुमचं स्टेटस गेलं की त्याचाही आधार जातो, कार्डावर पुढची तारीख छापलेली असली तरी. त्या एकट्या कमवताहेत म्हणून घर चालेल, असं तुम्ही लिहिलंय, तो हिशेब साठ दिवसांपुरताच धरा. त्या स्वतः पूर्वी कधी एच-१बी वर होत्या का? असतील आणि त्यांची सहा वर्षं पूर्ण झाली नसतील तर त्यांची लॅब लॉटरीशिवाय त्यांच्यासाठी अर्ज करू शकते आणि तुम्ही एच-४ वर जाऊ शकता. मी ही शक्यता विचारली की बरीच जोडपी एकमेकांकडे बघतात. दहा वर्षांपूर्वी तिनं मुलीसाठी नोकरी सोडली होती हे दोघांच्याही लक्षात नसतं.

विशेष परिस्थितीतलं एक वर्षाचं वर्क परमिटही आहे, आय-१४० मंजूर असलेल्यांसाठी. घरात गंभीर आजारपण वगैरे असेल तर ते मागता येतं. पण ते वापरलं की एच-१बी स्टेटस सुटतं आणि इथे राहून ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज करणं अवघड होतं. मी ते फार थोड्या वेळा वापरलंय.

आता रांगेचं आणि मुलीचं. हे दोन्ही एकत्रच बोलावं लागतं.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यात कुटुंबही मोजलं जातं, म्हणजे तुमच्या घराला तीन लागतात. एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, हा १९९० च्या कायद्यातला हिशेब. ईबी-२ मध्ये भारताच्या वाट्याला वर्षाला साधारण २,८००, इतर देशांची उरली तर थोडी अधिक. म्हणून २०२५ साली परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कुठल्या तारखेपर्यंत नंबर लागला ते सांगणाऱ्या मासिक पत्रकात) भारताची ईबी-२ ची तारीख २०१२-१३ मध्येच रेंगाळत होती. तुमची नोव्हेंबर २०१७ ची आहे. मुलगी एकवीस वर्षांची व्हायला चारच वर्षं आहेत. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतं आणि तुमच्या अर्जातूनही ती बाहेर पडते.

२००२ च्या कायद्यानं थोडी सवलत दिलीय: तारीख करंट होईल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर एकवीसच्या आत आलं आणि वर्षभरात अर्ज केला तर मूल वाचतं, म्हणजे आईवडिलांच्या अर्जात राहतं. आणि इथे एक गोष्ट मी जीव तोडून सांगते. पालक आय-१४० साठी प्रीमियम प्रोसेसिंगचे, म्हणजे लवकर निकाल मिळवण्याचे जादा पैसे भरतात, अकरा दिवसांत मंजुरी येते, सगळे पेढे वाटतात. वजा करायला मिळाले अकरा दिवस. ज्याचा आय-१४० साध्या मार्गानं आठ महिने पडून राहिला त्याच्या मुलाला आठ महिने मिळाले. तुमच्या नव्या कंपनीचा नवा आय-१४० होईल तेव्हा दुसरी काही घाई नसेल तर प्रीमियम करायचा की नाही हे मुलीचं वय समोर ठेवून ठरवा. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस या हिशेबासाठी बुलेटिनमधला अंतिम कारवाईचा तक्ता धरतं, आधीचा अर्ज भरण्याच्या तारखांचा तक्ता नाही, त्यामुळे हे गणित आणखी आवळलंय.

खरं सांगायचं तर तुम्ही तिघेही भारताच्या रांगेत असाल तर या चार वर्षांत तुमची तारीख लागणार नाही, आणि काही महिन्यांच्या वजाबाकीनं मुलगी वाचणार नाही. तिला स्वतःच्या पायावर एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी स्टेटसवर, जावं लागेल. ते वेळेवर करता येतं, एकविसाव्या वाढदिवसाच्या बरेच महिने आधी. तिला कुठल्याही अर्जात किंवा मुलाखतीत वडिलांच्या ग्रीन कार्डबद्दल विचारलं तर खरं तेच उत्तर द्यायला शिकवा.

पण मी "असाल तर" म्हटलं. तुम्ही मुलीचा जन्म पुण्याचा लिहिलात. तुमचा कुठला? पत्नीचा कुठला?

रांग ठरते जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नाही. मडगावला जन्मून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माझा एक अशील आहे. तो भारताच्याच रांगेत आहे. आणि याच्या उलटही होतं. पती किंवा पत्नी यांपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांनाही त्या देशाची रांग घेता येते. मुलाच्या जन्माचा उपयोग होत नाही, इथे जन्मलेल्या मुलाचाही नाही, जोडीदाराचा होतो.

रत्नागिरीकडचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं ते पूर्ण वेगळ्या कामासाठी, स्टॅम्पिंगच्या. फॉर्म भरताना मी तिला जन्मगाव विचारलं. ती म्हणाली, चिपळूण. मग म्हणाली, म्हणजे वाढले चिपळूणला, झाले कुवेतला, बाबा तिकडे होते ना. नवरा सहा वर्षं भारताच्या रांगेत उभा होता. जन्मदाखला तिच्या आईनं पत्र्याच्या ट्रंकेत पासबुकांखाली ठेवलेला निघाला, चार घड्या घातलेला, अरबी आणि इंग्रजी, कडेला निळा शिक्का. नवऱ्याच्या तारखेला कुवेतच्या रांगेत केव्हाच नंबर लागलेला होता. आम्ही त्याच महिन्यात दोघांचे आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचे शेवटचे अर्ज, भरले.

कोकणातली आणि गोव्याची किती घरं आखातात राहिली, मस्कत, दुबई, बहारीनला किती मुलं जन्मली. म्हणून मी आता प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारते. तुमच्या पत्नीचा जन्म असा बाहेरचा असेल तर नव्या कंपनीचा पर्म आणि आय-१४० झाला की तुमची २०१७ ची तारीख त्या रांगेत लगेच लागायची पुष्कळ शक्यता आहे. दोन वर्षांत मुलगी एकोणीसची असेल. ती वाचेल.

दोघांचाही जन्म महाराष्ट्रातला असेल तरी पुढच्या कामाचे कागद आत्ता गोळा करा, कारण ते नोकरीत असताना कुणी करत नाही. एचआरकडून आणि जुन्या कंपनीच्या वकिलाकडून आय-१४० च्या मंजुरीची प्रत आणि पर्मची पूर्ण प्रत मागा. आय-१४० कायद्यानं कंपनीचा अर्ज असतो, त्यामुळे ते नाही म्हणू शकतात. निदान पावती क्रमांक मिळवा, बाकीची प्रत यूएससीआयएसकडे माहितीच्या कायद्याखाली मागता येते. मॅनेजरकडून अनुभवाचं पत्र आजच घ्या, कामाचं तपशीलवार वर्णन असलेलं, तो स्वतः त्या कंपनीत आहे तोवर. शेवटच्या तीन पगारपावत्या, सगळे डब्ल्यू-२ (पगाराची आणि कापलेल्या कराची वार्षिक पत्रकं), कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवले असतील तर लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःकडे काढून घ्या.

आणि पुण्याला भावाला किंवा मेहुण्याला सांगून तिघांचे जन्मदाखले बघायला लावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर अनेकदा बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगी" असतं. नोंदच सापडत नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं लागतात; ते वडीलधारे आहेत तोवरच ते होतं. पत्नीचं लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं जोडणारा. मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्याला हे नाव बदलणं समजतं. इथल्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याला समजत नाही, त्याला कागद दाखवावा लागतो.

हे मी तुमचे कागद न बघता लिहिलंय, म्हणून एखादा वकील गाठून तुमच्या पत्रातली शेवटच्या दिवसाची तारीख आणि तिघांचे आय-९४ त्याला दाखवा. आणि इथे उत्तर लिहिणार असाल तर सगळ्यात आधी पत्नीचा जन्म कुठला ते लिहा. मी वाट बघते.